तपस्विनी गौरीमा

श्रीरामकृष्ण परमहंसांच्या संन्यासी शिष्यांची चरित्रे मराठी भाविकांस बरीच परिचित आहेत. परंतु त्याच परिवारातील ज्या एका स्त्रीने गुरूची आज्ञा शिरोधार्य मानून आपले सारे उत्तरायुष्य निराधार मुलींच्या संगोपनाला व शिक्षणाला वाहिले, त्या गौरीमांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असले, तरी त्यांचे जीवन सविस्तर ठाऊक असणारे थोडेच. या जीवनाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात हिमालयाच्या ओढीने घर सोडून गेलेली, गळ्यात शाळिग्राम बांधून एकटीच रानावनांतून फिरणारी तरुण तपस्विनी दिसते. दुसऱ्या भागात तीच स्त्री बंगालच्या दाट वस्तीत पोरक्या मुलींच्या स्वयंपाकाची, पाठांची व आजारपणाची काळजी वाहताना दिसते. वरवर पाहता या दोन जीवनांत विरोध वाटतो, आणि तो विरोध खुद्द गौरीमांनाही प्रथम जाणवला होता. गुरूने दाखविलेली वाट त्यांनी लगेच धरली नाही. ती धरण्यास त्यांना सुमारे दहा वर्षे लागली. त्यांच्या चरित्राचे खरे मर्म या दहा वर्षांत आहे.

गौरीमांचा जन्म १८५७ च्या सुमाराचा. हावड्याजवळील शिवपूरचे पार्वतीचरण चट्टोपाध्याय हे त्यांचे वडील व गिरिबालादेवी या मातोश्री. मुलीचे नाव मृडानी. तिचे बालपण कलकत्त्याच्या भवानीपूर भागात, आईच्या माहेरच्या घरी गेले. गिरिबालादेवी या त्या काळच्या मानाने असामान्य स्त्री होत्या. त्यांस संस्कृत व फारसी येत असे, कालीमातेवर त्यांची निस्सीम भक्ती होती आणि त्या स्वतः भक्तिगीते रचीत. मुलींनी अक्षर गिरविले तर वैधव्य येते अशी समजूत ज्या समाजात रूढ होती, त्यात अशी आई लाभणे हे मृडानीचे पहिले भाग्य होय.

भवानीपुरात तेव्हा मिशनऱ्यांनी चालविलेली मुलींची एक शाळा होती. मृडानीस तेथे घातले. ती हुशार होती, शिक्षिकांची आवडतीही होती. परंतु तेथे आपल्या धर्माची हेटाळणी होते हे ध्यानी येताच तिने शाळा सोडली. शाळा सुटली म्हणून विद्या सुटली नाही. घरी राहून तिने गीता व चंडी मुखोद्गत केली, रामायण-महाभारतातील पुष्कळ भाग पाठ केले व संस्कृत व्याकरणाचाही अभ्यास केला. पुढे स्वतःच्या आश्रमात मुलींचा पाठ्यक्रम ठरविताना या दोन्ही अनुभवांचा त्यांस उपयोग झाला असावा. विद्या हवी, आणि ती आपल्या श्रद्धेचे मोल देऊन नको, हा त्यांचा निश्चय बालपणीच झालेला होता.

याच वयातील दोन गोष्टी भक्तपरंपरेत आवर्जून सांगितल्या जातात. मृडानी दहाएक वर्षांची असता एका तेजस्वी ब्राह्मणाने तिला दक्षिणेश्वरानजीकच्या एका गावी मंत्रदीक्षा दिली. ते पुरुष म्हणजे श्रीरामकृष्णच, हे तिला पुष्कळ वर्षांनी उमगले. दुसरी गोष्ट शाळिग्रामाची. वृंदावनाकडील एक वैष्णव साधिका तिच्या घरी उतरली होती. तिच्या नित्यपूजेतील शिळेचे नाव दामोदर. या देवाचे मन तुझ्यावर बसले आहे असे सांगून तिने ती शिळा त्या लहान मुलीच्या स्वाधीन केली आणि ती निघून गेली. मृडानीने ते शब्द अक्षरशः खरे मानले. दामोदर हाच आपला पती, असा तिचा भाव त्या दिवसापासून जडला व तो अखेरपर्यंत कधीही ढळला नाही. मीराबाईंचे चरित्र ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा भाव नवा वाटणार नाही. परंतु मीराबाईंचा गिरिधर पदांतून आपल्यापर्यंत आला. गौरीमांचा दामोदर पुढे शेकडो मुलींच्या घरचा कुटुंबप्रमुख होऊन बसला.

मृडानी तेरा वर्षांची झाली आणि घरच्यांनी तिचे लग्न ठरविले. वर म्हणून निवडला तो तिच्या थोरल्या बहिणीचा पती. आज हे ऐकून धक्का बसतो. परंतु कुलीन ब्राह्मणांतील बहुपत्नीकत्वाची चाल तेव्हा बंगालमध्ये जिवंत होती, आणि कुळ शुद्ध मिळाले की वराकडे आधीच एक बायको आहे याचा फारसा विचार कोणी करीत नसे. ज्याला मरण नाही त्यालाच आपण वरू, असे ती मुलगी पूर्वीपासून सांगत आली होती. ते घरच्यांनी पोरबुद्धीचे बोलणे समजून सोडून दिले. लग्नाच्या दिवशी मात्र तिने दामोदरासह स्वतःस एका खोलीत कोंडून घेतले. बाहेर पाहुणे जमलेले, मुहूर्त जवळ आलेला, समजावणी व धमक्या दोन्ही करून झालेल्या, दार उघडेना. अखेर तिच्या आईनेच तिला निसटून जाण्यास वाट करून दिली. गिरिबालादेवींच्या या कृत्याची किंमत वाचकाने नीट करावी. मुलगी भर मांडवातून निघून गेली म्हणजे साऱ्या घराण्यास काळिमा. तो पत्करून, मुलीचा हट्ट हा हट्ट नसून तिचा धर्म आहे, हे त्या मातेने ओळखले. ज्या मुलींना अशी आई नसते त्यांचे काय होते, हा प्रश्न पुढे गौरीमांच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी दिसतो.

लग्न मोडले तरी मुलगी घरीच राहिली, आणि तिच्यावरील पहारा वाढला. सुमारे १८७५ साली, अठरा वर्षांची असता, नातेवाईकांबरोबर ती मकरसंक्रांतीच्या गंगासागर यात्रेस गेली. त्या अफाट गर्दीत ती दिसेनाशी झाली. आप्तांनी शोध शोध शोधले व निराश होऊन ते परतले. इकडे मृडानी साधूंच्या एका मेळ्याबरोबर हरिद्वारची वाट चालत होती.

येथून सुमारे सात वर्षे त्यांचे परिभ्रमण चालले. हृषीकेश, बदरी, केदार, ज्वालामुखी, अमरनाथ ही हिमालयातील स्थाने त्यांनी पायी केली. नंतर मथुरा, वृंदावन, पुष्कर, द्वारका, जगन्नाथपुरी. गळ्यात दामोदर, जवळच्या गाठोड्यात कालीमाता व गौरांगप्रभू यांची चित्रे, चंडी व भागवत या पोथ्या, आणि अंगावरचे वस्त्र, एवढाच त्यांचा संसार. रूप देखणे व वय तरुण; म्हणून त्यांनी केस कापून टाकले, अंगास राख-माती फासली, केव्हा पुरुषाचा अंगरखा व पागोटे घातले, तर केव्हा वेड्याचे सोंग घेतले. एकट्या स्त्रीस या देशात देवाच्या वाटेवरही निर्भयपणे चालता येत नाही, हे त्यांनी कोणाकडून ऐकले नव्हते. पावलोपावली भोगले होते. मथुरेस एका नातेवाइकाने त्यांस ओळखले व घरी नेण्याची खटपट केली. तेव्हा तेथूनही त्यांना लपून निघावे लागले.

मराठी भाविकांस या ठिकाणी समर्थशिष्या वेणाबाईंची आठवण होणे साहजिक आहे. त्याही बालविधवा, लोकापवाद सोसून गुरुमार्गास लागल्या आणि समर्थांनी त्यांस मिरजेच्या मठाचा अधिकार दिला. स्त्रीने मठ सांभाळावा ही गोष्ट आपल्याकडे सतराव्या शतकात घडून गेलेली आहे. तथापि वेणाबाईंना गुरू घराजवळ भेटले. गौरीमांची गती उलटी झाली. साऱ्या भारतभर शोधून त्या परत आल्या त्या आपल्या जन्मगावी, आणि ज्यांच्यासाठी फिरल्या ते त्या गावापासून काही कोसांवर गंगातीरी बसलेले होते.

कलकत्त्याच्या बागबाजारातील बलराम बोस हे श्रीरामकृष्णांचे निष्ठावंत गृहस्थ भक्त. त्यांच्या घरी गौरीमा १८८२ साली उतरल्या. दक्षिणेश्वरच्या महापुरुषाविषयी बलरामबाबू त्यांस वारंवार सांगत. परंतु साधू आपण पुष्कळ पाहिले, आता आणखी पाहण्याची हौस नाही, अशी त्यांची वृत्ती होती. एके दिवशी दामोदरास स्नान घालून सिंहासनावर ठेवीत असता त्यांस तेथे दोन जिवंत पावले दिसली. वाहिलेली तुळस त्या पावलांवर पडू लागली आणि त्या बेशुद्ध झाल्या. शुद्धीवर आल्यावरही कोणी दोरीने ओढावे तशी ओढ त्यांच्या हृदयास लागली होती. दुसऱ्या दिवशी बलरामबाबूंच्या घरच्या मंडळींबरोबर त्या दक्षिणेश्वरास गेल्या, तो श्रीरामकृष्ण हातात दोरा घेऊन तो गुंडाळीत बसलेले. त्यांचे चरण पाहताच सिंहासनावर पाहिलेली पावले कोणाची व लहानपणी मंत्र देणारे कोण, हे दोन्ही त्यांस एकदम समजले. श्रीरामकृष्ण त्यांस गौरी म्हणत. तेच नाव पुढे कायम झाले व मृडानी हे नाव मागे पडले.

दक्षिणेश्वरी त्या नहबतखान्यात श्रीशारदादेवींच्या सोबतीस राहत. ती अष्टकोनी खोली इतकी लहान की तीत दोघींनी वावरणेही कठीण. आणि त्यातच शिधासामग्री व साऱ्या भक्तमंडळींच्या स्वयंपाकाची तयारी. श्रीरामकृष्णांस स्वतः रांधून वाढण्याचा लाभ गौरीमांस तेथे मिळाला. त्यांचा स्वभाव सरळ व बोलणे निर्भीड. एकदा श्रीरामकृष्णांनी नहबतीत येऊन त्यांस विचारले की तुझे प्रेम अधिक कोणावर, माझ्यावर की हिच्यावर? गौरीमांनी उत्तर गाण्यातून दिले. संकटात पडलेले लोक कृष्णाला हाक मारतात, पण खुद्द कृष्णावर संकट आले की त्याची बासरी राधेचे नाव घेते, असा त्या गाण्याचा भाव होता. शारदादेवी लाजून गौरीमांचा हात दाबू लागल्या व श्रीरामकृष्ण हसत हसत निघून गेले. गुरूच्या समोर गुरुपत्नीचे स्थान असे उंच सांगणारी ही शिष्या पुढे आपल्या आश्रमाला कोणाचे नाव देईल, हे त्या दिवशीच ठरून गेले म्हणावयास हरकत नाही.

आता ज्या प्रसंगाने त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले तो. एके दिवशी सकाळी गौरीमा नहबतीजवळ फुले वेचीत होत्या. श्रीरामकृष्ण बकुळीच्या झाडाखाली आले, एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने जमिनीवर पाणी ओतू लागले आणि म्हणाले की मी पाणी घालतो, तू माती कालव. गौरीमांनी तो शब्दशः अर्थ घेतला. येथे माती कुठली, सारे खडेच आहेत, असे त्या सांगू लागल्या. तेव्हा श्रीरामकृष्णांनी उलगडा केला. या देशातील स्त्रियांचे दुःख फार मोठे आहे. त्यांच्यासाठी तुला काम करावयाचे आहे. गौरीमांस ते रुचले नाही. संसारी लोकांच्या कोलाहलात आपल्याच्याने राहवणार नाही. काही मुली आपल्या हवाली कराव्या, त्यांस हिमालयात नेऊन आपण तयार करू, असे त्यांनी सुचविले. श्रीरामकृष्णांनी ते साफ नाकारले. काम व्हावयाचे ते याच शहरात. साधना पुष्कळ झाली, आता हे तपाने तावलेले जीवन स्त्रियांच्या सेवेस लागले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले.

आज्ञा इतकी स्पष्ट होती. तथापि तप करून आलेल्या माणसाचे मन एकांताकडे किती ओढ घेते, हे साधकांस सांगावयास नको. गौरीमा पुन्हा वृंदावनास अनुष्ठानासाठी गेल्या. इकडे श्रीरामकृष्णांस असाध्य व्याधी जडली. अखेरच्या दिवसांत त्यांनी गौरीमांची आठवण काढली, शोधही झाला, पण एकांतात बसलेल्या तपस्विनीचा ठावठिकाणा लागला नाही. १६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. ही वार्ता त्यांस नंतर समजली. शोकाच्या भरात त्या देहत्यागाला निघाल्या असता गुरूंच्या दर्शनाने त्यांस परावृत्त केले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ज्या तपासाठी गुरूची आज्ञा लांबणीवर टाकली, त्याच तपामुळे गुरूचे अंतिम दर्शन अंतरले. हे शल्य त्यांच्या अंतःकरणात किती खोल रुतले असेल!

त्यानंतर शारदादेवी वृंदावनास आल्या तेव्हा दोघींची भेट झाली. विधवेचा वेष घेण्याविषयी शारदादेवींच्या मनात प्रश्न होता आणि लोकांची टीकाही होती. ज्याचा पती चिन्मय त्याला वैधव्य नाही, असा वैष्णव शास्त्रांचा निर्वाळा गौरीमांनी त्यांस दिला. शारदादेवींच्या हातातील बांगड्या व लाल काठाचे लुगडे राहिले, त्यामागे गौरीमांचे हे शास्त्रज्ञानही होते. पुढे गौरीमा पुन्हा हिमालयात गेल्या, नंतर दक्षिणेची यात्रा करून रामेश्वर-कन्याकुमारीपर्यंत जाऊन आल्या. परंतु आता त्यांची दृष्टी पालटली होती. पूर्वी तीर्थे पाहिली, आता तीर्थांच्या वाटेवरच्या स्त्रिया दिसू लागल्या. क्षेत्रांत टाकून दिलेल्या विधवा, सासरच्या छळाने पळालेल्या सुना, अक्षरशत्रू म्हणून फसविल्या गेलेल्या मुली यांच्याकडे पाहून बकुळीखाली ओतलेल्या पाण्याचा अर्थ त्यांस कळू लागला. १८९४ मध्ये स्वामी विवेकानंदांनी अमेरिकेहून गुरुबंधूंस लिहिलेल्या पत्रात गौरीमांची चौकशी केली व अशा हजार गौरीमा देशाला हव्या आहेत असे कळविले. समुद्रापार बसलेल्या त्या महापुरुषाच्या डोळ्यांसमोर स्त्रीमठाची कल्पना उभी राहिली ती या एका स्त्रीच्या आधाराने.

शेवटी १८९४-९५ मध्ये कलकत्त्याच्या उत्तरेस बराकपूर येथे, गंगेच्या काठी, गौरीमांनी आश्रम स्थापन केला. शारदादेवी तेव्हा विद्यमान होत्या. त्यांच्याच नावाने आश्रमास श्रीशारदेश्वरी हे नाव दिले. देवळांतील देवतेचे अथवा दिवंगत संतांचे नाव संस्थेस देण्याची रीत आहे. खेड्यात साधेपणाने राहणाऱ्या, चेहऱ्यावरचा पदर क्वचितच दूर करणाऱ्या एका स्त्रीच्या ठायी ईश्वरी ओळखून तिचे नाव देणे यास गौरीमांचीच दृष्टी हवी.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. कलकत्त्यात बेथून शाळा १८४९ पासून होती व १८८३ मध्ये तेथून दोन स्त्रिया पदवीधरही झाल्या होत्या. परंतु तेथे शिकत त्या बहुधा सुधारकांच्या घरच्या मुली. सनातनी घरांतून मुलीचे लग्न आठ-दहा वर्षांच्या आत व्हावयाचेच. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये झाला, तेव्हा धर्म बुडाला म्हणून बंगालमध्ये केवढा गदारोळ उठला! अशा समाजाच्या मध्यभागी चौदा-पंधरा वर्षांच्या अविवाहित मुली, बालविधवा व पतीने टाकलेल्या स्त्रिया पुरुषांच्या आधारावाचून एका ठिकाणी राहतात, वेदान्त व व्याकरण शिकतात, ही गोष्ट सुधारकी मंडळींस जुनाट वाटावी आणि जुन्या मंडळींस बंडखोर. गौरीमांनी दोघांसही समजाविण्याच्या भानगडीत फारसा वेळ घालविला नाही. त्यांच्या गळ्यातला शाळिग्राम व अंगावरील भगवे पाहून सनातन्यांची जीभ आवरे, आणि मुलींची प्रगती पाहून सुधारकांची. जवळजवळ त्याच सुमारास, १८९३ साली, माताजी तपस्विनी यांनी कलकत्त्यात महाकाली पाठशाळा काढली होती, आणि भगिनी निवेदितांची शाळा १८९८ च्या कालीपूजेला शारदादेवींच्या हस्ते सुरू झाली. या दोन्ही शाळांहून गौरीमांच्या आश्रमाचा विशेष हा की तेथे मुलगी शिकून घरी जाई असे नव्हे. जिला घरच नाही तिला तेथे घर होते, आणि जिला दामोदराच्या सेवेत जन्म काढावयाचा आहे तिला तो हक्कही होता. स्वतः गौरीमांस तेराव्या वर्षी हा हक्क कोंडलेल्या दारामागे लढून मिळवावा लागला होता.

बराकपूरचा आश्रम म्हणजे गवताने शाकारलेल्या झोपड्या. पंचवीसेक मुली व स्त्रिया तेथे राहू लागल्या. निधी नाही, आश्रयदाता संस्थानिक नाही. गौरीमा खांद्यावर झोळी टाकून दारोदार भिक्षा मागत. मिळेल त्या तांदूळ-डाळीवर आश्रमाची चूल पेटे. स्वयंपाक, शिकवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, पूजा, कोणत्याही कामास त्यांनी हलके मानले नाही. मुलींस संस्कृत, बंगाली, इंग्रजी, गणित शिकविले जाई. त्याबरोबर रांधणे, शिवण, सूतकताई, विणकाम. आपल्या पायांवर उभे राहता येईल एवढी विद्या व हातचे काम प्रत्येकीजवळ असावे, असा त्यांचा दंडक होता. नुसता जप शिकवून पोट भरत नाही आणि नुसते पोट भरून मनुष्याचे माणूसपण उरत नाही, हे अनेक वर्षे भिक्षेवर राहून त्यांस पुरेपूर समजलेले होते.

आश्रमाचा मालक दामोदर. त्याला उठवायचे, स्नान घालायचे, नैवेद्य दाखवायचा, रात्री निजवायचे, आणि नैवेद्याचे अन्न तेच मुलींचे अन्न. लहानपणी एकटीने केलेला तो संसार आता मोठा झाला. गौरीमा शिस्तीच्या कडक. चूक दिसली की तोंडावर बोलत, मग समोर आश्रमवासिनी असो वा प्रतिष्ठित गृहस्थ असो. या तिखटपणामुळे काही लोक दुखावलेही असतील. गोड बोलून संस्था चालविण्याची कला त्यांस अवगत नव्हती. परंतु जी मुलगी दुसरीकडून हाकलून दिली गेली होती तिला हे रागावणे आईचे रागावणे वाटे, यात नवल नाही.

१९११ मध्ये आश्रम कलकत्त्यात भाड्याच्या घरात आला. गुरूंनी याच शहरात असे म्हटले होते. ते आता अक्षरशः खरे झाले. शहरात आल्यावर राहणाऱ्या मुलींखेरीज दिवसा शिकावयास येणाऱ्या मुलींचीही शाळा वाढली. शारदादेवी आश्रमात येत, मुलींस आशीर्वाद देत. या आश्रमातील दिव्याची वात जो नुसती पुढे सारील त्यालाही वैकुंठ मिळेल, अशा आशयाचे त्यांचे उद्गार भक्तांत प्रसिद्ध आहेत. १९२० साली शारदादेवींनी देह ठेवला. १९२४ मध्ये श्यामबाजार भागात, महाराणी हेमंतकुमारी मार्गावर, आश्रमाची स्वतःची इमारत उभी राहिली. तोपर्यंत गौरीमा सदुसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या आणि भिक्षेची झोळी त्यांनी अद्याप खाली ठेवलेली नव्हती. गिरिडीह व नवद्वीप येथेही आश्रमाच्या शाखा निघाल्या.

इमारतीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी घडविलेल्या स्त्रिया. त्यांतील प्रमुख दुर्गापुरीदेवी. लहानपणीच त्या गौरीमांजवळ आल्या, शारदादेवींनी त्यांस मंत्रदीक्षा दिली, आणि गौरीमांनी त्यांस संस्कृत शास्त्रांबरोबर विद्यापीठाचे शिक्षणही देवविले. पुढे त्यांनी लिहिलेले ‘सारदा-रामकृष्ण’ हे बंगाली चरित्र भक्तांच्या घरोघरी गेले. ब्रह्मचर्यव्रत व संन्यास घेऊन आश्रमाचा कारभार स्वतः पाहणाऱ्या स्त्रियांचा एक संघच गौरीमांनी उभा केला. विवेकानंदांच्या मनातील स्त्रीमठ, श्रीशारदा मठ, दक्षिणेश्वरी १९५४ मध्ये स्थापन झाला. त्याच्या साठ वर्षे आधी बराकपूरच्या झोपडीत त्या कल्पनेचा एक अंकुर फुटून गेला होता.

वार्धक्यातही गौरीमांनी दामोदराची पूजा दुसऱ्याच्या हाती दिली नाही. १९३८ साली महाशिवरात्र २८ फेब्रुवारीस आली. आता आपले जाणे जवळ आले हे त्यांस कळून चुकले होते. जो देव त्यांनी बालपणी हाती घेतला, जो लग्नाच्या दिवशी कोंडलेल्या खोलीत त्यांच्याबरोबर होता, हिमालयाच्या बर्फात जो गळ्यात होता, तो दामोदर त्यांनी जवळ मागून घेतला, डोक्यावर व हृदयावर ठेवला आणि मग दुर्गापुरीदेवींच्या स्वाधीन केला. दुसऱ्या दिवशी, १ मार्च रोजी रात्री, त्यांनी देह ठेवला. काशीपूरच्या ज्या घाटावर श्रीरामकृष्णांच्या देहास अग्नी दिला होता, तेथेच त्यांच्याही देहावर संस्कार झाले. आश्रमात त्या रात्री दामोदराची शेजारती दुर्गापुरीदेवींनी केली.